पंचविशीच्या आतल्यांसाठी

संशोधक मुलगी माझ्याहून दोन-तीन वर्षांनीच मोठी असेल. तिने आम्हा मायलेकींसाठी खुर्च्या ओढल्या, दार लोटलं आणि आवाज खाली आणला.

"घरचं कुणी सोबत आणा म्हटलं, कारण तुमची उत्तरं वाचून काळजी वाटली."

कसली उत्तरं? तरुणांच्या मनाची विचारपूस फोनवरून करायचा त्यांचा अभ्यास, पंचविशीच्या आतल्यांसाठी. त्यांनी दिलेला साधा फोन रोज संध्याकाळी विचारायचा, 'आजचा दिवस कसा गेला?' आपण दोन ओळी लिहायच्या. बाबा गेले तेव्हा मी घरी गेले होते. परत निघताना तो फोन तिथेच राहिला. खरं तर राहू दिला. त्यानंतर मी एक अक्षर लिहिलेलं नव्हतं.

ती पडद्यावरून वाचू लागली.

"'दाराची कडी आता मीच लावते. लावली का, ते पुन्हा उठून पाहते.' 'रेडिओ चालू ठेवते. ऐकत नाही.' 'आज कुणाशी बोलले नाही. पोस्टमनशी बोलले, पण ते धरायचं का?'"

शेजारी आईने पर्सची चेन लावली, उघडली, पुन्हा लावली.

"आणि हे कालचं, मीही आत्ताच बघतेय. 'मुलीचा फोन आला. तिला बरं आहे म्हटलं.'"

ती थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे.

पहिला विचार काय यावा माझ्या मनात? की आता माझं नाव अभ्यासातून कटणार. आईचा विचार त्याच्या मागून आला.

"काकू, हे तुम्ही लिहिलंत?"

"तो रोज विचारायचा गं," आई म्हणाली. "उत्तर न देणं बरं दिसत नाही. आणि मध्येच तोडायचा नाही, सल्ले द्यायचा नाही. आमच्या नातेवाइकांपेक्षा शहाणा."

संशोधक हसली आणि लगेच गंभीर झाली. "पण काकू, वयाची अट आहे. ही उत्तरं काढून टाकावी लागतील."

"टाक की. माझं सांगून झालंय."

मी मान वर केली नाही. फोन मीही रोज करायचे. जेवलीस का, गोळी घेतलीस का, गॅस बंद केलास का. 'हो' म्हटलं की संपतील असेच प्रश्न. आई हो म्हणायची, मी सुटायचे.

फोन परत करायला म्हणून आईने तो पर्समधून काढला आणि तेवढ्यात तो वाजला. संध्याकाळची वेळ झाली होती. आईचा अंगठा सवयीने पुढे गेला आणि मध्येच थबकला. तिने फोन चटकन माझ्यापुढे सरकवला, दुसऱ्याच्या ताटात हात गेल्यासारखा.

मी तो उपडा ठेवला.

"आई, आजचा दिवस कसा गेला?"

तिने माझ्याकडे निरखून पाहिलं. "तू विचारतेयस, की त्यातलं वाचतेयस?"

"मी विचारतेय."

"मग घरी चल," आई उठत म्हणाली. "वेळ लागेल."