तटबंदीतली खोली

घरात तिला सगळे शेंडेफळ म्हणत. परदेशी शिकायला निघाली तेव्हा आईने एकच बजावलं होतं, "अभ्यास सोडून गावभर भटकू नकोस." शेंडेफळाने मान डोलावली आणि पोचल्यावर पहिल्याच रविवारी भटकायला निघाली. ते शहरच तसं होतं. कुठल्याही गल्लीत वळावं तर एखादा झिजलेला प्राचीन खांब उभा, आणि त्याला कुणीतरी खुशाल सायकल टेकवून ठेवलेली.

सोबतीला वसतिगृहातली मैत्रीण, लंबू. उंचीने ताडमाड आणि नकाशा वाचण्यात अगदीच ढ, पण नकाशा हातातून सोडेल तर शपथ!

त्या दिवशी त्यांना जुन्या तटावर चढायचं होतं. "हाच तो जिना," लंबू छातीठोकपणे म्हणाली. अंधारा, अरुंद, दगडी जिना. दोघी धापा टाकत वर गेल्या, दार ढकललं, तर समोर आरशापुढे एक गृहस्थ उभे. अर्ध्या गालावर साबणाचा फेस, हातात वस्तरा.

लंबूची बोबडीच वळली. शेंडेफळाला तिथली भाषा मोडकीतोडकी यायची. "आम्ही... बघायला आलोय," ती कशीबशी म्हणाली.

"मग बघा की!" गृहस्थांनी आत हाक मारली, "अगं, खोली बघायला मुली आल्यात!"

घर तटाच्या भिंतीतच बांधलेलं होतं. गृहस्थ शिंपी होते. मुलगा नोकरीसाठी दूर गेल्यामुळे वरची खोली भाड्याने द्यायची होती. झाला घोटाळा सांगायला शेंडेफळाने तोंड उघडलं, तेवढ्यात शिंप्याच्या बायकोने खिडकी उघडली. खाली अख्खं शहर पसरलेलं. कौलं, घुमट, वाळत घातलेल्या चादरी आणि लांबवर नदी. शेंडेफळाचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

"हवेशीर आहे गं," लंबू हळूच म्हणाली.

"आणि वसतिगृहात ढेकूण आहेत," शेंडेफळ म्हणाली.

पुढच्याच आठवड्यात दोघी बाडबिस्तरा घेऊन तिथे राहायला आल्या आणि शिक्षण संपेपर्यंत राहिल्या. शिंपी त्यांचे काका झाले, त्यांची बायको काकू. रविवारी भटकून आल्या की काकू कुणाच्या तरी झग्याला काजं करता करता विचारायच्या, "आज काय पाहिलंत?" मग लंबूने देवळाच्या ठेंगण्या दारात कपाळमोक्ष कसा करून घेतला, पहारेकरी दोघींना थडग्यात कोंडून जेवायला कसा गेला, सगळं साग्रसंगीत सांगायचं. काकू डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायच्या.

काकूंनी स्वतः यातलं काहीच पाहिलेलं नाही, हे शेंडेफळाला फार उशिरा कळलं.

"अहो, राणीचा महाल तर दोन गल्ल्या पलीकडे आहे!"

"बाहेरून बघते की रोज. आत जायला सवड कुणाला? कधी पोराच्या परीक्षा, कधी सासूबाईंचं दुखणं, आणि शिलाई तर पाचवीला पुजलेली."

परतीच्या आधीच्या रविवारी मुलींनी काकूंना महाल बघायला ओढूनच नेलं. "मी कशाला? दुकान कोण बघेल?" म्हणणारे काका महालाच्या फाटकापाशी मागून येऊन हजर झाले. अंगात इस्त्रीचा कोट! महालात काकू पाहुण्यासारख्या अंग चोरून चालत होत्या. आतल्या चौकात संगमरवरी हौद होता. तो दिसताच त्यांनी चपला काढल्या, काठावर बसल्या आणि पाय सरळ पाण्यात सोडले.

पहारेकरी शिट्टी फुंकत धावत आला.

"जन्म गेला माझा या गावात," काकू कडाडल्या. "घटकाभर पाय बुडवले तर तुझा महाल विरघळणार आहे का?"

पहारेकऱ्याने शिट्टी खिशात टाकली आणि तो दुसऱ्या दालनाकडे वळला. काकांनी इकडेतिकडे बघितलं आणि तेही विजार गुडघ्यापर्यंत दुमडून बसले. मग मुली कशाला मागे राहतात?

आज शेंडेफळाचे केस पांढरे झालेत. तो महाल कुठल्या राजाने बांधला, हे परीक्षेपुरतं घोकलेलं केव्हाच विसरली. पण उन्हाने तापलेला दगड, गार पाणी आणि लहान मुलीसारखं हट्टाने "थोडा वेळ बसू या ना अजून" म्हणणाऱ्या काकू आठवल्या की तिचा जीव गलबलतो. त्या दिवशी महाल बंद होईपर्यंत चौघंही तिथून हलली नाहीत.