आभार मानणारे अण्णा

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील विष्णुपंत आठल्ये, साताऱ्याच्या कोर्टात नकला करणारे कारकून होते. पण शनिवार पेठेत लोक त्यांना ओळखत ते आभार मानणारे म्हणून. पेठेत एक वक्तृत्व मंडळ होतं. महिन्यातून एका शनिवारी, दिवेलागणीला, शाळेच्या मोठ्या वर्गात कुणीतरी भाषण करी, त्यावर अध्यक्ष बोलत आणि शेवटी अण्णा आभार मानत. अशी बारा वर्षं झाली होती.

त्या आभारांची एक रीतच पडून गेली होती. अण्णा उभे राहून "आता माझ्यावर सोपवलेलं गोड काम" एवढं म्हणाले की सभा उठे. दाराबाहेर चपला-जोड्यांचा ढीग असे आणि मागे राहणाऱ्याच्या वाट्याला दुसऱ्याची तुटकी चप्पल येई, म्हणून सगळे एकदम दाराकडे धावत. अण्णा मात्र सतरंज्या देणाऱ्यापासून गॅसबत्तीला हवा मारणाऱ्यापर्यंत एकेकाचं नाव घेत राहत. आई म्हणायची, "तुमचं बोलणं भिंती तेवढ्या ऐकतात. त्यांना उठून जाता येत नाही म्हणून."

अण्णा हसत. पण लोक बसलेले असताना एकदा तरी बोलायला मिळावं, ही त्यांची फार इच्छा होती. विषयही ठरलेला होता. कासच्या तळ्यातून डोंगराच्या कडेकडेनं साताऱ्याला पाणी आणणारा पाट. सुट्टीच्या दिवशी त्या पाटाच्या काठानं पायी हिंडून त्यांनी एक वही भरली होती. मंडळाचे चिटणीस चिंतामणराव यांना ते तीन वर्षं विचारत होते. चिंतामणराव म्हणत, "बघू की. पण तुम्ही भाषण केलंत तर आभार कोण मानणार?"

चव्वेचाळीस सालच्या दिवाळीनंतर सांगलीहून एक प्राध्यापक बोलायला यायचे होते. लढाईमुळे पेट्रोल मिळत नव्हतं, बस कोळशावर चालत. वर्ग भरला, गॅसबत्ती लागली आणि स्टँडवरून निरोप आला, की बस कराडच्या आधीच बंद पडली आहे, पाहुणे आज पोचत नाहीत.

चिंतामणराव लगबगीनं अण्णांकडे आले.

"विष्णुपंत, तुमचं ते पाण्याचं तयार आहे ना?"

"आत्ता?"

"मग काय पुढच्या जन्मी? उठा!"

मी तेव्हा पंधरा वर्षांची. ते भाषण मलाही पाठ होतं. अण्णा दाढी करताना ते म्हणत आणि अडले की स्वयंपाकघरातून मी पुढचं वाक्य सांगे. "आपण रोज कासचं पाणी पितो, पण त्याची वाट कधी पाहिली आहे का?" अशी त्याची सुरुवात होती. अण्णा टेबलापाशी गेले, टोपी नीट केली. मी मनात पहिलं वाक्य म्हटलं. पण बारा वर्षांच्या सवयीनं त्यांच्या जिभेनं नेहमीचीच वाट धरली.

"आता माझ्यावर सोपवलेलं गोड काम..."

आणि सभा उठली! भाषणाचा एक शब्द झाला नव्हता, पण ते वाक्य कानावर पडलं आणि माणसांचे पाय आपोआप दाराकडे वळले. "आज लवकर सुटलो," असं कुणीतरी म्हणालंसुद्धा. अण्णा टेबलाची कड धरून उभे होते. त्यांच्याकडे मला बघवेना.

दाराशी कोरेगावचे हंबीरराव बसले होते. पलटणीत पूल बांधायच्या तुकडीत नोकरी करून पेन्शनीत आलेले सुभेदार. साताऱ्यात काम निघालं की ते सभेला येत. त्यांनी बसल्या जागेवरून काठी आडवी धरली.

"आवं, कुटं निघाला समदे?"

"आभार झाले की, सुभेदार."

"कशाचं आभार? अजून कुनी काय केलंय तवा मानायचं? पंत, आभार लय मानलं तुमी. आता तुमचं काय आसंल ते बोला."

एकच हशा पिकला. अण्णाही हसले. म्हणाले, "बसा हो. मीसुद्धा चपला शोधायला निघालो होतो." मग आणखी हशा झाला. पाचसहाजण निघून गेले होते. बाकीचे खाली बसले.

भाषण फार चांगलं झालं, असं मी म्हणणार नाही. पहिलं पान त्यांनी पळवत म्हटलं, दुसरं विसरले. तिसऱ्यापासून मात्र वहीच विसरले. पाट डोंगराच्या सोंडेला कसा वळसा घालतो, ओढा आडवा आला की काय करतो, हे हातांनी दाखवत राहिले. माझ्या शेजारच्या अंबूबाई कुजबुजल्या, "एवढ्या लांबनं येतंय व्हय गं?"

भाषण संपल्यावर हंबीररावांनी विचारलं, "पंत, त्यो तिसरा वढा म्हनलात, तितं पाट वरनं जातोय का खालनं?"

आजवर अण्णांना सभेत कुणी प्रश्न विचारला नव्हता. ते टेबल सोडून दोन पावलं पुढे आले. मग म्हणाले, "खालून." सुभेदारांनी मान हलवली. त्यामागून आणखी दोघांनी विचारलं. अध्यक्ष घड्याळ बघायला लागले तरी अण्णा उत्तरं देतच होते.

घरी येताना आई कौतुकानं बोलत होती. अण्णा हातानं हवेत पाटाची वळणं काढत चालले होते. राजवाड्याच्या कोपऱ्यावर एकदम थांबले.

"चुकलं गं. खालून जातो तो दुसऱ्या ओढ्यापाशी. तिसऱ्याला वरून आहे."

"असू दे हो," आई म्हणाली. "बारा वर्षं बोलताय, कधी चूक काढत बसला नाहीत ते!"

"तेव्हा कुणी ऐकत नव्हतं. सुभेदार आता खालून म्हणूनच धरून बसतील."

घरी आल्यावर टोपीसुद्धा न काढता ते पाटावर बसले आणि मला म्हणाले, "विनू, एक कार्ड आण. कोरेगावला पाठवायचंय."