आर्लनच्या फळीवरची कांब

"अगं बाई, याच्या गोड बोलण्यावर जाऊ नकोस. हा माणूस बोलतो खूप, पण त्याला ऐकू येत नाही."

मी गॅरेजमध्ये आले त्याच दिवशी तिथल्या थोरल्या लेथने, म्हणजे धातू कातायच्या यंत्राने, मला असं बजावलं होतं. मी ते हसण्यावारी नेलं. नसेल येत ऐकू, त्यात माझं काय बिघडतं? मला थोड्याच त्याच्याशी गप्पा मारायच्या होत्या! मला त्याच्या हातून घडायचं होतं.

मित्रांनो, मी एक जुनी पोलादी कांब आहे. स्वतःला जुनी म्हणताना मला संकोच वाटतो, कारण माझं आयुष्य अजून सुरूच झालेलं नाही. ज्या भट्टीतून मी निघाले त्याच भट्टीतून निघालेल्या माझ्या बहिणी केव्हाच कामाला लागल्या. कुणी पंपाचा दांडा झाली, कुणी ट्रॅक्टरच्या पोटात गरगर फिरते आहे. मी मात्र अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या एका गॅरेजच्या फळीवर, चौकडीच्या जुन्या फ्लॅनेल शर्टात गुंडाळून पडले आहे. हा शर्ट आर्लन ट्वाइटचा. आर्लन म्हणजे माझा मालक.

आर्लन नदीकाठच्या कागदाच्या गिरणीत लेथवर काम करायचा. गिरणीतून निवृत्त झाल्यावर त्याने तिथला थोरला लेथ भंगारात जाण्याआधी विकत घेतला आणि गॅरेजात आणून बसवला. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. एकुलती एक मुलगी कर्स्टन, ती लग्न करून शहरात राहायला गेलेली. लहानपणी ती याच लेथपाशी खोक्यावर उभी राहून बापाचं काम बघायची. थोडी मोठी झाल्यावर दर नोव्हेंबरात दोघं, दुरून दिसाव्यात म्हणून, भगव्या टोप्या घालून हरणाच्या शिकारीला जायचे. थर्मासमध्ये कॉफी असायची आणि झाडावरच्या मचाणावर शेजारी शेजारी तासन्‌तास गप्प बसणं असायचं. त्या गप्प बसण्याबद्दल आर्लन माझ्याशी फार बोलतो.

मग कर्स्टनला टिल्डा झाली. टिल्डाला घेऊन ती पहिल्यांदा माहेरी आली, तेव्हा मी इथे नव्हते. पण गॅरेजचं दार उघडं होतं आणि थोरल्या लेथने सगळं पाहिलं होतं. त्याने मला सांगितलं, ते असं. कर्स्टन बाळाला घेऊन मागच्या पायरीवर ऊन खात बसली होती. आर्लनने कोठाराच्या पलीकडे निशाण लावलं आणि बंदुकीची नेम-दुरुस्ती करायला घेतली. गोळी सुटली. टिल्डाने असा काही टाहो फोडला की छपरावरची कबुतरं उडाली. आर्लनने शांतपणे दुसरी गोळी झाडली. तो वळून बघतो, तर कर्स्टन गाडीचं दार उघडत होती.

"ही बंदूक इथे वाजते आहे तोवर मी पोरीला घेऊन येणार नाही," एवढंच ती म्हणाली. ती अगदी जवळ येऊन, चेहऱ्यासमोर म्हणाली, म्हणून ते त्याला कळलं.

त्यानंतर आर्लनने मला मागवलं.

बंदुकीच्या तोंडाशी बसवायची, आवाज कमी करणारी एक नळी त्याला करायची होती. लोक तिला सायलेन्सर म्हणतात. इथे ती घरी करता येते, पण तिच्यासाठी आधी सरकारची परवानगी लागते. आर्लनने फोटो काढून घेतले. शेरीफच्या, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाच्या, कचेरीत जाऊन बोटांचे ठसे दिले आणि दोन दिवस काळी बोटं घेऊन हिंडला. परवानगी हातात येईपर्यंत माझ्या अंगाला कातायचं टूल लावायचं नव्हतं. आणि ज्याच्या नावाची परवानगी, त्यानेच ती नळी घडवायची, असा नियम होता.

मित्रांनो, त्या उन्हाळ्यात मी जेवढी सुखी होते तेवढी पुन्हा कधी झाले नाही. रोज सकाळी आर्लन कॉफीचा मग घेऊन यायचा, शर्टाची घडी उलगडायचा आणि माझ्यावरून अंगठा फिरवायचा. आखणीच्या कागदावर पेन्सिलीने मला काढायचा, खोडायचा, पुन्हा काढायचा. "आवाज आत शिरेल आणि दमून बाहेर पडेल," असं मला समजावून सांगायचा. नळी करणाऱ्याचं नाव तिच्यावर कोरावं लागतं. ती जागा त्याने आधीच ठरवली होती. "इथे माझं नाव. खाली गावाचं. टिल्डा वाचायला शिकली की पहिलं हे वाचेल."

शेजारच्या शेतावरचा ड्युएन, त्याचा शाळेपासूनचा मित्र, अधूनमधून डोकवायचा. आर्लनशी बोलायचं तर ओरडावंच लागायचं, आणि ड्युएनला ओरडायला आवडायचं.

"काय रे, घेतलास का एखादा कट?"

"परवानगी आली नाही अजून."

"इथे गॅरेजात कोण बघतंय तुला?"

"मी बघतोय ना."

"तुला ऐकू येत नाही, मला धड दिसत नाही. दोघांचा मिळून एक साक्षीदारसुद्धा होत नाही आपला! लाव टूल."

"तू घरी जा, ड्युएन."

"जातो. पण मला एक सांग, एवढा खटाटोप कशाला? हरणं काय तक्रार करायला आलीत?"

"हरणांचं राहू दे. पोर दचकणार नाही इतका आवाज कमी झाला म्हणजे झालं. मग त्या दोघी येतील."

ड्युएनने टोपी मागे सारली. मग तो आपल्या शेताकडे निघाला.

ऑक्टोबरात, मेपलची पानं गळायला लागली तेव्हा परवानगी आली. आर्लनने त्या दिवशी दाढी केली आणि धुतलेला एप्रन घातला. मी शर्टातून बाहेर निघाले. मला वाटलं, आलीच वेळ! पण तो हाडाचा कारागीर. हात बसावा म्हणून आधी त्याने भंगारातला एक तुकडा लेथच्या चकमध्ये, म्हणजे पकडीत, धरला, लेथ चालू केला आणि टूल पुढे नेलं.

मित्रांनो, टूल नीट कापत असतं तेव्हा धातू गुणगुणतो. ते थरथरायला लागलं की तो किंचाळतो. त्या तुकड्याने अशी किंकाळी फोडली की खिडकीच्या काचा झणझणल्या. फळीवर मी शहारले. आर्लन मात्र मान किंचित कलती करून, ओठांवर हसू ठेवून टूल पुढे नेतच होता. थोरला लेथ पायापासून हादरत होता. बंद कर, अरे बंद कर, असं तो आपल्या भाषेत कळवळून सांगत होता.

काम थांबवून आर्लनने तुकड्यावरून बोट फिरवलं. तुकडा नांगरलेल्या शेतासारखा झाला होता. त्याने तो खिडकीशी उजेडात नेला. परत येऊन दुसरा तुकडा लावला. त्याचंही तेच झालं.

गिरणीत म्हणे काही बिघडलं की ओरडा व्हायचा, "आर्लनला बोलवा, त्याच्या कानाला कळेल." तोच आर्लन स्टुलावर बसून हातातल्या खरखरीत तुकड्याकडे बघत राहिला. मग त्याने मला शर्टात गुंडाळलं आणि फळीवर ठेवून दिलं. तेव्हा मला लेथचं पहिल्या दिवशीचं बोलणं आठवलं.

त्यानंतर तो यायचा, स्टुलावर बसायचा आणि जायचा. माझ्याशी बोलणं त्याने बंद केलं. शिकारीचे दिवस आले तसे सरले. त्याची भगवी टोपी खुंटीवरच राहिली. घरात फोन वाजायचा. मला भिंतीपलीकडून स्पष्ट ऐकू यायचा. वाजून वाजून थांबायचा, थोड्या वेळाने पुन्हा सुरू व्हायचा. त्याची खुर्ची हलल्याचा आवाज कधी आला नाही.

शेवटी ड्युएननेच गॅरेजच्या दारात उभं राहून कर्स्टनला फोन लावला. "अगं, तुझा बाप दार उघडत नाही. काल खिडकीतून मला पाहिलं आणि पडदा ओढून घेतला. माझं तोंड इतकं वाईट आहे का गं?" पलीकडून ती काय म्हणाली ते कळलं नाही. तो म्हणाला, "मग ये तूच. बर्फ वाढायच्या आत ये."

ती आली. टिल्डा तिच्या कडेवर होती. आर्लन स्टुलावर, दाराकडे पाठ करून बसला होता.

"बाबा!"

तो हलला नाही.

"बाबा, मी आलेय!"

शर्टाच्या फटीतून मी तिच्या तोंडाकडे बघत होते. आधी तिच्या भुवया चढल्या. मग, काचेवरचं दव उन्हाने हळूहळू उतरावं तसा तिचा राग उतरत गेला. तिसरी हाक तिने मारलीच नाही. ती वळसा घालून त्याच्या समोर जाऊन उभी राहिली. तो दचकून उठला.

"फोन का उचलत नाहीस तू?"

"तू केलास तर उचलेन ना."

"मी रोज करतेय, बाबा."

"रोज?"

"मला वाटलं, तू रुसलायस. त्या दिवशी मी तडकून निघून गेले म्हणून."

"नाही गं. तू गेलीस ते बरोबरच होतं. एका गोळीने पोर एवढी घाबरली..."

"एका नाही, दोन. ती जिवाच्या आकांताने रडत होती, आणि तू दुसरी झाडलीस. तेच मला सहन झालं नाही."

आर्लनने हळूच विचारलं, "ती रडत होती? दुसरीच्या आधी?"

कर्स्टनने मान डोलावली. तेवढ्यात टिल्डाने हात लांब करून आजोबांचा कान पकडला आणि ओढला.

"ओढ, ओढ," आर्लन म्हणाला. "नाहीतरी शोभेचेच आहेत ते."

मग त्याने कर्स्टनला ते तुकडे दाखवले. तिने त्यांवरून बोट फिरवलं आणि तिला सगळं कळलं. लेथपाशीच वाढलेली मुलगी ती.

"आण इकडे. मी करते."

"नाही. परवानगीवर नाव माझं आहे. हात माझेच हवेत."

"आणि कान? कान कुणाचे हवेत, ते लिहिलंय का कुठे?"

कितीतरी दिवसांनी आर्लन हसला.

टिल्डाला स्वयंपाकघरात, गाडी बघून आलेल्या ड्युएनच्या मांडीवर दिलं. "हिला काही झालं तर बघ," असं कर्स्टनने त्याला दोनदा बजावलं, गरम शेगडीपासून त्याची खुर्ची लांब सरकवली आणि मगच ती परत आली. आर्लनने भंगारातला तुकडा धरला. ती त्याच्या मागे उभी राहिली आणि तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. धातू कण्हायला लागला की ती खांदा दाबायची आणि तो टूल सैल करायचा. गुणगुण परत आली की तिचा हात हलका व्हायचा. कीस लांब, सलग, कुरळा सुटू लागला. तुकडा असा उतरला की त्यात दोघांचे चेहरे दिसले.

"आता हिची पाळी," कर्स्टन माझ्यावर टिचकी मारत म्हणाली. "पण पुढच्या रविवारी हं बाबा. रस्ता लांब आहे, आणि अंधार पडायच्या आत मला पोचायचंय."

निघण्याआधी तिने कान तपासायची वेळ ठरवली. तो कुरकुरला, पण नाही म्हणाला नाही. आणि तिने फोनच्या रिसीव्हरचा आवाज होईल तेवढा वाढवला आणि स्वयंपाकघरात एक दिवा बसवला. फोन वाजला की तो लुकलुकतो.

पुढच्या रविवारी टिल्डाला ताप होता. त्याच्या पुढच्या रविवारी वादळ आलं. मग रस्ते बंद झाले. ड्युएन बहिणीकडे, उबेच्या मुलखात निघून गेला. पण रोज दिवस कलताना स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेरच्या बर्फावर पिवळा उजेड पडायचा, जायचा, पुन्हा पडायचा, आणि मग भिंतीपलीकडून आर्लनचं मोठ्याने बोलणं सुरू व्हायचं. "ताप उतरला का? रविवारी बघू. कांब? आहे की, जाते कुठे!" एवढ्यावर माझा दिवस जायचा.

मित्रांनो, आज बर्फावरचा उजेड मघापासून लुकलुकतो आहे. थांबतो आणि पुन्हा सुरू होतो. भिंतीपलीकडे कुणी बोलत नाही. घराच्या मागच्या दारापासून गॅरेजच्या दारापर्यंतच्या वाटेवर आज बुटांचा एकही ठसा उमटलेला नाही.

मला पाय नाहीत. कदाचित तो खुर्चीत नुसता पेंगला असेल. तरी तुमच्यातलं कुणी जवळपास असेल, तर जाऊन बघा. बेल वाजवू नका, हाका मारू नका. मागच्या बाजूने जा, खिडकीसमोर त्याला दिसाल असे उभे राहा आणि हात हलवा. तुम्ही फार दूर असाल, तर तुमच्याही जिन्यात, तुमच्याही गल्लीत फोन न उचलणारं कुणीतरी असेल. ते रुसलंय, तुसडं झालंय असं ठरवण्याआधी एकदा समोर जाऊन उभे राहा.

माझी काळजी करू नका. थांबायला मी शिकले आहे. पण दिवा पुन्हा लागला, बघा. जा ना कुणीतरी.