एकेचाळीस नंबरच्या गाडीतलं इंजिन

"मॉम, तुझ्या हातचं इंजिन कधी फुटलंय का गं?"

मित्रांनो, हा प्रश्न अमेरिकेतल्या आमच्या आयोवात, शर्यतीच्या गाड्यांची इंजिनं बांधणाऱ्या कार्ला व्होंड्रासेकला कोणी विचारत नसे. सुगरणीला 'तुमची भाजी कधी करपते का हो' असं विचारण्यातला तो प्रकार! पण तिच्या लेकीला, टेसाला, दोन मैत्रिणींनी डिवचलं होतं, "हिंमत असेल तर विचारून दाखव." आणि त्या दोघी टायरांच्या ढिगामागे तोंड दाबून हसत उभ्या होत्या. टेसा सोळा वर्षांची. नुकताच गाडी चालवायचा परवाना मिळालेला, त्यामुळे जगात भिण्यासारखं काही उरलेलंच नव्हतं.

मी त्या वेळी साखळीला लटकून सगळं ऐकत होतो. मी एक जुनं इंजिन आहे, आठ सिलिंडरचं, ओतीव लोखंडाचं. लालभडक रस वाळूच्या साच्यात ओतून मला घडवलं. मग बावीस वर्षं एका पिकअपच्या नाकाड्यात बसून मी डुकरांचं खाद्य वाहिलं. मालक खूश असला की माझ्या डोक्यावर थाप मारून म्हणे, "गड्या, तू घोड्यापेक्षा बरा, लाथा मारत नाहीस!" पुढे पिकअपचा पत्रा गंजला. ती भंगारात गेली आणि मला एका अक्रोडाच्या झाडाखाली टाकून दिलं. किती हिवाळे गेले, मोजले नाहीत. माझ्या सिलिंडरांत उंदरांनी संसार थाटले. थोडं वाईट वाटे, पण निदान कोणीतरी सोबतीला आहे, असंही वाटे. तिथून मला उचलून आणलं ते कार्लाने.

तर, प्रश्न ऐकून कार्लाने हातातला पाना खाली ठेवला.

"एकदा फुटलंय. बोल्ट आवळता आवळता फोन वाजला. बोलून आले आणि सरळ पुढच्या बोल्टला लागले. एक तसाच राहिला."

"मग?"

"मग काय! शर्यतीच्या तिसऱ्या फेरीत इंजिनाचं पोट फाडून पिस्टनचा दांडा बाहेर. गाडी तुझ्या डॅडची होती."

बाहेर गाडी धूत असलेला ड्वेन ओरडला, "आणि तरी मी हिच्याशी लग्न केलं! माझ्यासारखा सज्जन शोधून सापडायचा नाही."

तेव्हापासून बोल्ट आवळताना कार्लाचा फोन बिस्किटांच्या डब्यात बंद असतो, आणि आवळून झालेल्या प्रत्येक बोल्टवर पिवळा ठिपका पडतो.

"धीट आहेस," कार्ला लेकीला म्हणाली आणि तिने माझ्याकडे बोट दाखवलं. "मग हे धूड तूच बांध. मी हात लावणार नाही."

मित्रांनो, तो हिवाळा मी जन्मात विसरणार नाही. टेसाने मला धुतलं, उंदरांची घरटी काढली, वर्षानुवर्षांची काजळी खरवडली. शाळेतून आली की दप्तर एका कोपऱ्यात, कोट दुसऱ्या कोपऱ्यात आणि ती माझ्यापाशी. माझ्या सिलिंडरांची गोलाई तिने केसाएवढ्या फरकापर्यंत मोजली. मोजताना ती मोठमोठ्याने गाई, आणि भयंकर बेसूर गाई. पण तिचे हात मात्र सुरात होते.

तरीही चूक झालीच. पिस्टनभोवती तेल अडवणाऱ्या रिंगा असतात, आणि रिंगवर एक बारीकसा ठिपका असतो. तो वरच्या बाजूला यायला हवा. टेसाने घाईत आठही पिस्टनच्या एकेका रिंगचा ठिपका खाली केला. मला कळत होतं, पण मला तोंड कुठे होतं?

एप्रिलमधल्या पहिल्या शर्यतीत मी ड्वेनच्या एकेचाळीस नंबरच्या गाडीत बसलो, त्याने वेग दिला आणि तेल जळून मागून निळा धूर, नुसता धूर! आम्ही शेवटून दुसरे आलो. लाइल हॉचकिस हा ड्वेनचा जुना प्रतिस्पर्धी. तो कुंपणाला रेलून म्हणाला, "टेसा, डास मारायला आणलंस का गं हे?"

टेसाचे कान लाल झाले.

घरी आल्यावर कार्लाने विचारलं, "सांगू काय झालंय ते?"

"नको! एक अक्षर बोलू नकोस!"

तिने मला पुन्हा सगळं उघडलं. ठिपके सापडले तेव्हा आधी ती रडली, मग स्वतःलाच हसली, आणि मग आठही पिस्टनच्या रिंगा सरळ केल्या. तिने त्या उलट्या बसवल्या तेव्हा नव्हे, पण उघडून बघितल्या त्या दिवशी मी तिचा झालो.

त्यानंतर काय धावलो म्हणून सांगू! काळ्या चिकणमातीची ती वाट, वळणावर आडवी घसरणारी गाडी, तोंडावर बसणारी मातीची ढेकळं. पण टेसाने माझ्या श्वासात कधी कण जाऊ दिला नाही. दर शर्यतीनंतर ती हवेची गाळणी झटके, तेल बदले, आणि तेलाची जुनी गाळणी कापून, तिची घडी उलगडून उन्हात धरी. धातूची चमचम दिसली तर समजायचं, आत काहीतरी झिजतंय. एकदाही चमचम दिसली नाही.

सप्टेंबरमध्ये जिल्ह्याच्या जत्रेत मोसमातली शेवटची शर्यत झाली. दुपारचं उतरतं ऊन, भाजलेल्या मक्याचा वास. आम्ही जिंकलो! एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मोसमाचा चषक ड्वेनच्या नावावर लागला. लाइल दुसरा आला. आणि लगेच हातात कागद घेऊन पंचाकडे गेला.

आमच्या गटात एक नियम आहे. जिंकणाऱ्याचं इंजिन, शर्यत पुरी केलेला कोणीही ठरलेल्या किमतीला विकत मागू शकतो. पैसेवाल्याने इंजिनावर पैशांचा डोंगर ओतू नये, म्हणून तो केलाय. नाही म्हणता येतं, पण मग विजयही जातो आणि मोसमाचा चषकही.

"लाइल, लाज वाटत नाही?" ड्वेन गरजला. "पोरीने बांधलंय ते!"

"म्हणूनच तर मागतोय," लाइल म्हणाला. "तुझ्या बायकोने बांधलेलं असतं तर त्यात नवल काय होतं?"

"मी देत नाही. चषक गेला खड्ड्यात."

"ड्वेन," कार्ला हळूच म्हणाली, "एकोणीस वर्षं थांबलायस."

"मग आणखी एक थांबेन!"

पंचाने घड्याळाकडे बघितलं. "पाच मिनिटं."

कार्ला त्याला म्हणाली, "इंजिन तिचंय. उत्तर तीच देईल."

सगळे टेसाकडे बघू लागले. ती माझ्यावर वाकली. मी तापलेला होतो, निवताना टिकटिकत होतो. तिने माझ्या झाकणावरची माती बाहीने पुसली.

मित्रांनो, त्या पाच मिनिटांत मी काय मागितलं असेल? मला टेसापाशीच राहू दे, एवढंच. पण मग वाटलं, आपण कोणाच्या घरी राहायचं हे आपल्यासारख्या वस्तूंच्या हाती नसतं. आम्ही एवढंच मागू शकतो की, ज्याच्याकडे जाऊ त्याने तेल वेळेवर बदलावं, आणि आमच्याकडून चुकलं तर शिव्या देण्याआधी उघडून बघावं. तुमच्या घरातली सायकल असो की शिवणयंत्र, त्यांचंही मागणं याहून वेगळं नाही. फार नाही ना हे?

टेसाने मान वर केली. डोळे भरले होते, पण हनुवटी ताठ होती.

"मॉम, डॅड, मी ठरवलंय. इंजिन द्यायचं. नाही म्हटलं तर लोक म्हणतील, आत काहीतरी लबाडी लपवलीय. उघडू दे ना लाइलला, बघू दे सगळ्यांना मी कसं बांधलंय ते! डॅड, तू जा, चषक घे. पण गाडीतून ते मीच काढणार. लाइलला हात लावू देऊ नका, तो प्रत्येक बोल्टला हातोडी मारतो!"