वाळलीस गं, फिदे

“खिशात दोन धोंडे ठेवत जा गं फिदे! उत्तरेचा वारा सुटलाय, उचलून समुद्रात नेऊन टाकील तुला!”

पेत्रा फुलवाली आपल्या टोपल्यांआडून ओरडली आणि हुचितान गावच्या बाजारातली ती अख्खी रांग हसली. फिदेन्सियानं सुक्या कोळंबीच्या ढिगावरची माशी हाकलली आणि मान वर न करता म्हणाली, “मला उचलायला निदान वारा पुरतो, पेत्रा. तुला उचलणं तुझ्या तिन्ही नवऱ्यांना जमलं नाही.”

रांग दुप्पट हसली. पेत्राही हसली. पण हसून झाल्यावर बायकांचे डोळे पुन्हा तिथंच आले, फिदेन्सियाच्या दंडावर. कधीकाळी त्या दंडात पोलक्याची बाही रुतायची. आता त्या बाहीत वारा शिरत होता.

या बाजारात बाईचं वजन म्हणजे तिचं घर. भरलेली बाई बघितली की लोक म्हणतात, हिच्याकडं चूल नीट पेटते. फिदेन्सिया तर अशी होती की ती बसली म्हणजे दोन बायकांची जागा भरायची, आणि त्या दुसऱ्या जागेचं भाडं मागायची पालिकेच्या माणसाची छाती नव्हती. ती चालली की रस्ता बाजूला व्हायचा. आता तीच फिदेन्सिया, तेच तोंड, तीच सोन्याच्या नाण्यांची माळ, पण मधलं माणूस कुणीतरी काढून नेल्यासारखं.

मग जो तो बोलणार. बोलल्याशिवाय पुढं जाईल तर तो हुचितानचा कसला? चीजवाली म्हणाली, “दृष्ट लागलीय, अंडं उतरवून घे.” कापडवालीनं खाली वाकून कानात विचारलं, “कुठल्या गोळ्या गं? मलाही सांग. लेकीचं लग्न आलंय, मला पोलक्यात मावायचंय.” आणि मघाशी कोळंबी घ्यायला आलेली ती शिक्षिका, जिचं नावसुद्धा फिदेन्सियाला ठाऊक नव्हतं, ती पिशवी धरून कळवळून म्हणाली, “मावशी, सून वेळेवर वाढते ना तुम्हाला?”

गोळ्यांना उत्तर होतं, अंड्याला उत्तर होतं. या प्रश्नावर मात्र फिदेन्सियानं तराजू पुढं ओढला. तिनं कोळंबी बांधली, वर मूठभर जास्त टाकली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळली.

दुपारी घरी येऊन ती हॅमॉकच्या कडेला बसली. सून आली, येसेनिया. डोंगराकडची पोर, बांबूसारखी सरळ आणि तेवढीच बारीक. रोसेंदोनं तिला लग्न करून आणली तेव्हा हीच फिदेन्सिया चारचौघींत म्हणाली होती, “माझ्या लेकानं बायको नाही, केरसुणी आणलीय.” येसेनियानं कोमट पाण्याचं घमेलं खाली ठेवलं, स्वतः जमिनीवर बसली आणि सासूचा डावा पाय उचलून मांडीवर घेतला. पट्टी सोडली.

जखम अंगठ्याच्या खाली होती. सरकारी दवाखान्यातल्या बाईनं सांगितलं होतं, साखर आहे. पाव बंद, गोड बंद, बियर बंद, मक्याचं मोजून. आणि जखम हाडापर्यंत गेली तर अंगठा जाईल, मग पाऊल, मग आणखी वर. फिदेन्सियाला वरपर्यंतचं सांगायची गरज नव्हती. तिच्या थोरल्या बहिणीचे, रुफिनाचे, दोन्ही पाय गेले होते. रुफिना, जी नाचायला उभी राहिली की वादक घाम पुसायचे, तिला शेवटी शेवटी लोक दारात खुर्चीवर बसलेली बघायचे आणि आवाज खाली आणून बोलायचे. जिवंतपणी तिच्या घरासमोरून लोक मयताला आल्यासारखे चालायचे. फिदेन्सियानं त्या खुर्चीमागं उभं राहून सगळं ऐकलं होतं. म्हणून दवाखान्यातून बाहेर पडतानाच तिनं येसेनियाचं मनगट धरलं होतं. “हे नाव तुझ्या तोंडून बाहेर गेलं, अगदी रोसेंदोच्या कानावर गेलं, तर तू माझी कुणी नाहीस.”

अर्धी फिदेन्सिया साखरेनं नेली, अर्धी तिनं आपल्या हातानं सोडली. पुढ्यातला पाव ढकलणं काय असतं ते तिचं तिला ठाऊक. पण याबद्दल शाबास म्हणणारं कोण? ज्यांना ठाऊकच नाही ते काय म्हणणार? ते वाळलीस म्हणणार.

येसेनियानं जखम पुसली, वास घेतला, मान हलवली. बरी होती. पट्टी बांधता बांधता म्हणाली, “आई, संध्याकाळी कांदेलारिया मावशींकडं तुम्ही एकट्याच जा. मी येत नाही.”

“का? अंगात आलंय का?”

“काल रात्री रोसेंदोचा फोन आला होता. जहाजावरून. त्यांना कुणीतरी कळवलंय.” येसेनियानं पट्टीची गाठ मारली. ती जरा जास्तच घट्ट बसली. “मला विचारत होते, तू आईला उपाशी ठेवतेस का म्हणून.”

फिदेन्सियानं पाय मांडीवरून काढून घेतला.

“बाजारात म्हणतात ते म्हणू दे. ती लोकं माझी कोण? पण त्यांनी विचारलं. मी काय सांगायचं? तुम्ही तोंड शिवलंय माझं.” तिनं घमेलं उचललं. “शनिवारच्या बसनं मी माहेरी जाते. पट्टी कशी बांधायची ते शेजारच्या मुलीला दाखवून जाईन. तिलाही शपथ घाला.”

“आज आली नाहीस तर म्हणतील, खरं होतं म्हणून तोंड लपवलं.”

“आणि आले तर?”

  फिदेन्सिया हॅमॉकवरून उठली आणि ओरडली, “माझा काळा मखमली घागरा काढ. आणि तुझाही. आणि वेणीत फुलं घाल, अशी विधवेसारखी येऊ नकोस!”

काल गावची मोठी मेजवानी झाली होती; आज भांडी घासायचा दिवस. नावाला भांडी. भांडी दोघीचौघी घासतात, बाकीच्या मांडवात बसून उरलेलं संपवतात, बियर पितात, एकमेकींचे हात धरून नाचतात. यंदा मान कांदेलारियाचा होता. कांदेलारिया ही फिदेन्सियाची कोमाद्रे, म्हणजे लेकाची धर्ममाता. रोसेंदोच्या बाप्तिस्म्याला पोर तिनंच हातांवर धरलं होतं, तेव्हापासून रक्ताच्या बहिणीपेक्षा जवळची. दोघी एकाच दिवशी पहिल्यांदा बाजारात बसल्या, एकाच वर्षी विधवा झाल्या, आणि एकमेकींना शिव्या दिल्याशिवाय त्यांचा दिवस उजाडत नसे.

“आली बघा माझी काठी!” कांदेलारिया मांडवाच्या दारातच गरजली. “अगं फिदे, घागरा तुला नेसलाय की तू घागऱ्याला?”

“तुझ्यावर दोन घागरे नेसवले तरी झाकत नाही, म्हणून मी आपली वाचवून नेसते.”

हशा झाला. कांदेलारियानं तिला मिठी मारली, आणि मिठीत घेतल्यावर तिचा हसरा चेहरा एकदम उतरला. हाताला हाडं लागली असावीत. तिनं फिदेन्सियाच्या खांद्यावरून मागं उभ्या येसेनियाकडं पाहिलं. ते पाहणं साऱ्या मांडवानं पाहिलं.

आपल्याकडं मांडवात आलेल्या बाईला ताटली मिळते, शीग लावून. नको म्हणणं म्हणजे यजमानणीच्या तोंडावर थुंकणं. खाववत नसेल तर पिशवीत भरावं, घरी न्यावं, पण ताटली घ्यावीच. फिदेन्सियानं वर्षभर सगळ्या मांडवांत हेच केलं होतं. ताटली घ्यायची, चार घास चिवडायचे आणि टेबलाखालून सुनेकडं सरकवायची. येसेनिया कधी खायची, कधी पिशवीत घालायची. दोघींचे हात इतके सरावले होते की त्यांना बघावंही लागत नसे.

त्यांना बघावं लागत नव्हतं. बाकीच्या बघत होत्या.

ताटली आली. मसाल्यातलं डुकराचं मटण, बटाटा, कोळंबीचे वडे, आणि वर अंड्यांच्या गोड पावाचा जाड तुकडा पाकात भिजवलेला. कांदेलारियानं आपली खुर्ची ओढली आणि फिदेन्सियाच्या अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लावून बसली.

“आज माझ्यासमोर खायचं. सगळं.”

“तू काय माझी सुईण आहेस का?”

“कोमाद्रे आहे. माझ्या डोळ्यांदेखत तू संपत चाललीयेस आणि मी गप्प बसू?” आवाज चढला. वादकांनी सूर खाली आणले; या गावात वादकांनाही कान असतात. “खा. हे गोड आधी खा. तुझ्या आवडीचं म्हणून मुद्दाम केलंय.”

“माझं पोट भरलंय.”

“कशानं? घरी वाढलं होतं का?”

पेत्रा फुलवाली मागून म्हणाली, “सुनेनं वाढलं असेल. पाण्यात मीठ घालून.” कुणीतरी खुसखुसलं.

कांदेलारियानं पावाचा तुकडा उचलून फिदेन्सियाच्या तोंडाशी नेला. पाक मनगटावरून ओघळला. फिदेन्सियानं ओठ घट्ट मिटले. लहान पोरासारखे. साऱ्या मांडवादेखत. आणि त्याच क्षणी, वर्षभराच्या सवयीनं, येसेनियाचा हात पुढं आला आणि त्यानं तो तुकडा घ्यायला बोटं पसरली.

कांदेलारियानं त्या हातावर चापट मारली. आवाज झाला.

“सोड! म्हातारीच्या तोंडातलंही हवंय का तुला? वर्षभर बघतोय आम्ही टेबलाखालून काय चालतं ते. डोंगरात खायला मिळत नव्हतं म्हणून इथं येऊन सासूचं खातेस?”

येसेनियानं हात मागं घेतला. हातावर पाक लागला होता. तो तिनं पुसलाही नाही. तिनं फक्त सासूकडं पाहिलं. एक शब्द बोलली असती तर सुटली असती. बोलली नाही.

फिदेन्सिया उठली.

तिनं दोन्ही हातांनी आपला घागरा धरला आणि पांढरी झालर जमिनीवरून उचलली. टाच दिसली, घोटा दिसला. आपल्याकडं पोरीबाळी नाचताना जेवढं दाखवतात त्याहून थोडं जास्तच. मग तिनं डाव्या पायाची चप्पल झटकली आणि पट्टी बांधलेला पाय कांदेलारियाच्या खुर्चीच्या कडेवर ठेवला.

“बघ. जवळून बघ, तुला माझं सगळं बघायची हौस आहे ना? साखर आहे. रुफिनाला होती तीच. तुझा हा पाव मी खाल्ला तर पुढच्या भांडी घासण्याला हा पाय घरी ठेवून येईन.”

वादक थांबले.

“ही माझी ताटली खाते कारण मी ढकलते. ही गप्प बसते कारण मी शपथ घातलीय. आणि हा पाय रोज दुपारी मांडीवर घेऊन ही धुते. वास घेऊन बघते सडलाय का.” तिनं मांडवाभर नजर फिरवली. “तुमच्यातल्या भरल्या अंगाच्या किती जणींच्या सुना असं करतात, हात वर करा. पेत्रा, तू कर. तुला तीन सुना आहेत.”

कुणी हात वर केला नाही. पेत्रा वेणीतलं फूल चाचपत राहिली.

फिदेन्सियाला वाटलं होतं, बोलून टाकलं की छातीवरचा दगड उतरेल. दगड उतरला खरा. पण समोरच्या चेहऱ्यांवर जे हळूहळू पसरत गेलं ते तिनं ओळखलं. डोळे मऊ झाले. माना एका बाजूला कलल्या. कुणीतरी हातांची खुर्ची आणली, ती म्हाताऱ्यांसाठी भिंतीशी ठेवलेली असते तसली. कुणीतरी पायाखाली ठेवायला खोकं आणलं. पुढ्यातली ताटली गुपचूप उचलली गेली आणि उकडलेल्या कोंबडीचा एक पांढरा तुकडा आला, बिनकातडीचा, बिनमिठाचा दिसत होता.

तो कांदेलारियानं आणला होता. तिचे डोळे भरले होते. तिनं ताटली दोन्ही हातांनी पुढं केली आणि खालच्या आवाजात म्हणाली, “बसा, कोमाद्रे. उभं राहू नका.”

बसा. साऱ्या जन्मात कांदेलारियानं तिला कधी बसा म्हटलं नव्हतं. बस गं, मर तिकडं, सरक जाडे, हे म्हटलं होतं. फिदेन्सिया त्या खुर्चीकडं बघत राहिली. खुर्चीचे हात गुळगुळीत झिजलेले होते.

“तुला माफी मागायची असेल तर हिची माग,” ती म्हणाली. “आणि मला अहोजाहो करशील तर दुसरा पाय कमरेत घालीन.”

कांदेलारियानं येसेनियाचा पाक लागलेला हात धरला आणि आपल्या झालरीनं पुसला. पण विनोदावर हसली नाही. कुणीच हसलं नाही.

त्या खुर्चीवर फिदेन्सिया बसली नाही. वादक पुन्हा सुरू होईपर्यंत थांबली, येसेनियाचे हात धरून एक गाणं हळूहळू पुरतं नाचली, मग निघाली.

वाट बाजारातूनच होती. बातमी त्यांच्या आधी पोचली होती. चीजवालीनं मान लववली. कापडवाली उठून उभी राहिली. वारा सुटला होता, घागरा अंगाला चिकटून हाडं दाखवत होता, पण धोंडे खिशात ठेव म्हणणारं कुणी नव्हतं. रस्ता तिच्यासाठी बाजूला झाला, पूर्वीसारखाच, फक्त आवाज न करता.

पेत्राच्या फुलांच्या रिकाम्या टोपल्यांपाशी फिदेन्सिया थांबली. श्वास घ्यायला म्हणून.

येसेनिया मागं उभी होती. तिनं पाहिलं, कमरेतून घसरलेल्या घागऱ्याची झालर चिखलात ओढली जात होती. ती रस्त्यातच बसली, कमरेची नाडी सोडून पुन्हा घट्ट बांधली, झालर जमिनीवरून चार बोटं वर घेतली. पायाची पट्टी सगळ्यांना दिसू लागली.

“आई,” ती खालूनच म्हणाली, “नाडी अजून आत आली. वाळलात हो.”

बाजारातल्या दोनतीन बायकांनी श्वास रोखला.

“तुझे डोळे वाळलेत,” फिदेन्सिया म्हणाली. “केरसुणी कुठली.”

मग सुनेच्या खांद्यावर हात टाकून, झालर उचललेलीच ठेवून, ती पट्टीचा पाय सगळ्यांना दाखवत भर बाजारातून घराकडं चालू लागली. शनिवारच्या बसचं कुणी काही बोललं नाही.