बहिरूबाबांनी मागे घेतलेली वेळ

पिंपळगाव बसवंतला, हायवेलगत द्राक्षं भरायच्या एका बंद पॅकहाऊसच्या शेडमध्ये, दोनेकशे माणसं हात जोडून एका मोटारीच्या बोनेटकडे बघत उभी होती. बोनेट उघडं होतं, त्यावर पिवळं कापड टाकलेलं होतं आणि कापडाआड बहिरूबाबा शिरले होते. नाव बहिरू, पण मेलेल्या माणसांचं बोलणं त्यांना अगदी स्वच्छ ऐकू यायचं. वाहनांत शिरलेले आत्मे हा त्यांचा खास विषय. ट्रॅक्टर, टेम्पो, एकदा म्हणे द्राक्षबागेतला फवारणीचा पंपसुद्धा त्यांनी मोकळा केला होता.

"डोळे मिटा," कापडाआडून आवाज आला. "ज्याचा डोळा उघडा राहील, त्याच्या गाडीत हा आत्मा जाईल."

सगळ्यांनी घट्ट मिटले. मी उघडे ठेवले. माझी स्कूटर तशीही ढकलावी लागते. आत्मा आला तर तेवढीच मदत.

मी प्रतिभा. आयटीआयमध्ये तीस वर्षं मोटार मेकॅनिकच्या मुलांना शिकवलं. ही गाडी माझ्या जुन्या विद्यार्थ्याची, हर्षलची. तो अंबडला कारखान्यात नोकरी करतो. वडील गेल्यावर त्यांची जुनी पेट्रोल कार त्याने जपून ठेवली आणि तिला जोर यावा म्हणून इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, घासून घेतलं, उंच डोक्याचे पिस्टन बसवले. मला न विचारता. तेव्हापासून गाडी चढावर आतून वाजायला लागली. टक, टक, टक.

हर्षलला तो इंजिनाचा आवाज वाटला. त्याच्या आईला, सिंधुबाईंना, तो नवऱ्याचा वाटला.

"हे असंच दार वाजवायचे, बाई," त्या मला म्हणाल्या होत्या. "त्या दुपारी मी मिक्सर लावलेला. ऐकूच नाय आलं. दार उघडलं तर हे उंबऱ्यावर पडलेले. आता गाडीतून ठोकत्यात. लय रागावलेत माझ्यावर." दोन महिने त्या धड जेवल्या नव्हत्या. मी एवढ्या सकाळी आले होते ती बाबांसाठी नव्हे, त्यांच्यासाठी.

बाबा कापडाबाहेर आले. कपाळभर कुंकू आणि नखांत काळं ग्रीस. हर्षलने गाडी उड्डाणपुलाच्या चढावर नेऊन आणली. एकदाही टक नाही. लोकांनी जयजयकार केला, सिंधुबाईंनी खाली बसून बाबांपुढे हात जोडले.

"आत्म्याची वेळ पुढं गेली होती," बाबा म्हणाले. "मी ती मागं घेतली. पण सव्वा महिन्यानं तो परत ठोकणार. गाडी दरबाराला देऊन टाका, माऊली सुटेल." गाडी नावावर करायचा फॉर्म त्यांच्या चेल्याच्या हातात आधीच भरून तयार होता.

"कर रे पोरा सही," सिंधुबाई म्हणाल्या. हर्षलने आईच्या तोंडाकडे पाहिलं आणि पेन घेतलं.

मी मात्र एका शब्दावर अडले होते. वेळ पुढे गेली होती, मागे घेतली. इतकं अचूक बोलणारा बाबा मी जन्मात पाहिला नव्हता. गॅरेजमध्ये यालाच टायमिंग मागे घेणं म्हणतात.

"हर्षल, थांब. डिस्ट्रिब्युटरवर खूण केली होतीस?"

"केली होती ना, मॅडम. तुम्हीच शिकवलंय, काहीही ढिलं करायच्या आधी खूण करायची."

डिस्ट्रिब्युटर म्हणजे इंजिनाला ठिणगी कधी द्यायची ते ठरवणारा डबा. डब्यावर आणि खालच्या लोखंडावर मिळून हर्षलने पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढली होती. मी बोनेट उघडून पाहिलं, तर आता तिचे दोन तुकडे झाले होते, दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे.

"बाबा, झोळीत काय आहे?"

"आत्मा बांधायचं साधन."

हर्षलने झोळी उपडी केली. अंगारा, लिंबं आणि तेरा नंबरचा पाना, डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट ढिला करायला लागतो तोच.

"तेरा नंबरचा आत्मा होता म्हणायचा," मी म्हणाले. पहिलं हसू मागच्या टेम्पोवाल्यांचं आलं.

मग मी सिंधुबाईंना उठवलं. "सायकलचा पंप मारताना गरम होतो ना? हवा दाबली की तापते. पोरानं या इंजिनात ती फार दाबलीय. ठिणगी लवकर पडली की उरलेलं पेट्रोल तापून आपोआप भडकतं, त्याचा हादरा लोखंडाला बसतो. तोच हा आवाज. ठिणगी थोडी उशिरा दिली की थांबतो. विश्वास ठेवू नका, स्वतः करून बघा."

इंजिन बंद करून त्यांनी स्वतः पाना धरला. रेघेला रेघ जुळवली, हर्षलशेजारी गाडीत बसल्या, चढावर गेल्या. टक, टक, टक. खाली येऊन डबा मागे फिरवला, परत गेल्या. आवाज नाही. असं त्यांनी तीनदा केलं, कोणी सांगितलं नसताना.

तिसऱ्यांदा उतरल्यावर त्या थेट बाबांसमोर गेल्या.

"माझा माणूस असा पान्यानं येणारा-जाणारा नव्हता. जेवायला या म्हणून चारदा हाका माराव्या लागायच्या त्यांना."

मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "म्हंजे हे रागावून ठोकत नव्हते, बाई?"

"नाही. ते लोखंड होतं."

त्या रडल्या. दोन महिन्यांचं रडल्या. मलाही आवरलं नाही, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

बाबांनी केला तो अर्धाच इलाज. टायमिंग फार मागे ठेवलं तर इंजिन तापतं आणि जोर जातो. हर्षलने पुढच्या रविवारी हेडखाली जाड गॅस्केट घालून दाब कमी केला, लवकर गार होणारे प्लग बसवले आणि टायमिंग लाइट लावून ठिणगीची वेळ नीट जुळवली. गाडी घरीच आहे.

माझं सांगणं एवढंच. कोणी डोळे मिटा म्हणालं की त्याच्या हातांकडे बघा. बाबाला पाना लपवावा लागतो. खरं कारण सांगणारा पाना तुमच्या हातात देतो आणि म्हणतो, फिरवून बघा.