मानाचा नारळ

सदाशिव पहिलवानाला नारळ द्यायचं जत्रेच्या समितीनं परस्पर ठरवून टाकलं. त्याला विचारायला कोणी आलं नाही. गोवा राज्य झाल्यानंतरची गावची ही पहिलीच जत्रा, आणि काहीतरी नवं करायची अध्यक्ष गोकुळदासांना भारी हौस. म्हापशाला त्यांचं कापडाचं दुकान होतं, त्यामुळे शाल घरचीच.

सदाशिव बेचाळिशीचा. पेडण्यापासून बेळगावपर्यंतच्या जत्रांतून वीस वर्षं त्यानं कुस्तीवरच पोट भरलं होतं. आता डावा गुडघा दुखायचा, हे खरं. पण एकदा शाल-नारळ घेऊन निरोप घेतला, की पुढं कुठलीच जत्रा त्याला लढायला बोलावणार नव्हती. सकाळी त्याच्या गुडघ्याला तेल चोळताना बायको, जानकी, एवढंच म्हणाली, की चटणीपुरता नारळ घरात आहे, आणखी नको.

दुपारी आखाड्याच्या काठावर सत्कार झाला. गोकुळदासांनी भाषण कोकणीत सुरू केलं आणि मोठा शब्द अडला की मराठीत शिरत राहिले. शाल पांघरली, नारळ हातात ठेवला, लोकांनी टाळ्या पिटल्या. सदाशिवाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या मातीत घाम गाळला, तिच्याच काठावरून हे आपल्याला वाटेला लावतात म्हणजे काय?

गोकुळदासांना कापडातलं सगळं कळे, आखाड्यातलं काही नाही. नाहीतर पहिलवानाच्या हातात त्यांनी तिथं नारळ दिलाच नसता. मातीत मधोमध नारळ मांडला की ते उघडं आव्हान. जो उचलेल त्यानं लढायचं आणि जिंकेल त्यानं नारळ न्यायचा, हा इथला रिवाज. सदाशिवानं शाल काढून गोकुळदासांच्याच खांद्यावर टाकली, सदरा उतरवला आणि मातीत उतरून नारळ मांडला.

"ज्याका उचलूचो आसात, तेणी उचलूचो," तो म्हणाला.

गोकुळदास "अहो, अहो" करीत राहिले. नारळ उचलला डिचोलीच्या रुद्रेशनं. चोवीस वर्षांचा गडी, त्या साली एकही कुस्ती न हरलेला. त्यानं आधी सदाशिवाच्या पायांना हात लावला आणि मग काही म्हणता काही गय केली नाही. पहिली दहा मिनिटं सदाशिव नुसता तग धरून होता. रुद्रेशचा डोळा दुखऱ्या गुडघ्यावर आहे, हे त्यानं ओळखलं, आणि तोच पाय मुद्दाम पुढं केला. रुद्रेश पायाला झोंबला तसा सदाशिवानं त्याला वरून दाबला, पाठीवर स्वार झाला आणि सगळा जोर लावून उलटा केला. रुद्रेशचे दोन्ही खांदे मातीला लागले.

सांजेला लंगडत, अंगाला माती तशीच, सदाशिव घरी आला. जानकी दारातच उभी होती. त्याच्या हातातला नारळ बघून तिचा चेहरा उतरला.

"दिल्यानी मरे शेवटी तुका नारळ?"

"दिल्लो न्हय गो," सदाशिव म्हणाला. "जिकून हाडलो."